प्रदक्षिणेचा दगड

११ नोव्हेंबर

दाढी केली नाही. कोणासाठी करायची? निवृत्त माणसाची हनुवटी बघायला कोण बसलंय? फोर्टमधल्या विमा कंपनीत क्लेम्स विभागात होतो, तेव्हा रोज गुळगुळीत दाढी करून लोकांचे दावे फेटाळत असे. आता फेटाळायला काही उरलं नाही. मृणालिनी विचारते, "भाजी काय करू?" मी म्हणतो, "काहीही." ती म्हणते, "मीरा रोडला सगळं मिळतं, पण काहीही नावाची भाजी मिळत नाही." दिवसभरात नवरा-बायकोचा एवढाच संवाद.

आज मात्र बाल्कनीत एक प्रकार घडला. कढीपत्त्याच्या कुंडीत दगड सापडला. काळा, मुठीत मावेल एवढा, होडीसारखा लांबट. वरून सपाट, पोटाला गोलसर. अंगभर बारीक खड्डे आणि काही खड्ड्यांत पांढरे ठिपके. वर पाहिलं तर कबुतरांच्या जाळीला बरोबर कुंडीच्या डोक्यावर भोक. आम्ही सातव्या मजल्यावर. आमच्या वर गच्ची, गच्चीला कुलूप, आणि कुलपाच्या वर आकाश. सबब, दगड आकाशातून आला.

घाईने निष्कर्ष काढणारा मी नव्हे. आयुष्य दुसऱ्यांच्या निष्कर्षांना लाल शाई लावण्यात गेलं. पण प्रथमदर्शनी प्रकरण मजबूत दिसतंय.

१२ नोव्हेंबर

मृणालिनी सकाळपासून टाचा घासायची वजरी शोधतेय. खिडकीत नाही, बादलीमागे नाही. "अहो, परवा उन्हात वाळत ठेवली होती. पाहिलीत का?"

"तुझ्या वजरीत मी कधी लक्ष घातलंय?" मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. अंघोळीला मी चष्मा काढून जातो. बादली दिसते तेच पुष्कळ.

माणसांच्या काळज्या किती लहान असतात! एकीकडे ब्रह्मांडातून दगड आलाय आणि एकीकडे वजरी.

दगड मी तिला दाखवलेला नाही. ती 'कचरा' म्हणून खाली टाकून देईल. निरोप समारंभात मिळालेल्या घड्याळाच्या डब्यात मखमलीवर ठेवून कपाटाला कुलूप लावलंय. घड्याळ बाहेर काढलं. तसंही ते आता कशाला हवंय?

१३ नोव्हेंबर

शास्त्रीय तपासणी सुरू. मोबाइलवर वाचलं की खनिजाची ओळख रंगावरून करू नये, रंग फसवतो. ओरखड्यावरून करावी. जो दुसऱ्याला ओरखडतो तो जास्त कठीण. आमच्या हापिसातही हाच नियम होता.

नखाने घासलं. नख तुटलं. देवघरातल्या ताम्हनाच्या काठाने घासलं. ताम्हनाला चरा. मग दगड बाल्कनीच्या काचेवर ओढला. काचेवर लांबलचक ओरखडा उठला! मी आनंदाने ओरडलो. मृणालिनीही ओरडली, पण तिचं कारण निराळं होतं. मी दगड पायजम्याच्या खिशात टाकला आणि म्हटलं, "कबुतरं."

पांढरे ठिपके मात्र मऊ निघाले, सुरीने सहज खरवडले. म्हणजे एकाच दगडात दोन खनिजं, एक कठोर आणि एक मऊ. ठिपक्यांवर लिंबू पिळलं, फसफसलं नाही. दुपारी वरणावर पिळायला लिंबू नव्हतं. त्यालाही कबुतरं म्हणता येईना.

१५ नोव्हेंबर

घनता काढली. रीत सोपी आहे. आधी हवेत वजन करायचं, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून करायचं. पाण्यात वजन जेवढं घटतं, त्याने मूळ वजनाला भागायचं. उत्तर आलं दोन पूर्णांक सात. उल्कांचं म्हणे तीनच्या वर असतं. पण काटा स्वयंपाकघरातला आहे, त्याच्यावर रव्याचे संस्कार झालेत. मी त्याचं ऐकणार नाही.

फ्रिजवरचा महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला मॅग्नेट लावून पाहिला. चिकटला नाही, पण मनातून ओढल्यासारखा वाटला.

बाथरूमच्या उरलेल्या टाइलच्या मागच्या, खरखरीत बाजूवर कस लावला. राखाडी रेघ. नोंद केली.

दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. एक, दगडाला मंद सुवास आहे, चंदनाचा. आकाशातल्या वस्तूला चंदनाचा वास? दोन, पाण्यात बुडवल्यावर वर पांढुरकी साय आली. अंतराळातली धूळ असावी. बाटलीत भरून ठेवली.

मृणालिनीने बाजारातून नवी वजरी आणली. गुलाबी, प्लॅस्टिकच्या मुठीची. म्हणाली, "ही काय वजरी आहे? हिनेच माझी टाच घासून घ्यावी." मी लक्ष दिलं नाही. माणूस कामात असताना असल्या गोष्टी कानावरून जातात.

१७ नोव्हेंबर

घाईत लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येईल.

मृणालिनी भाजीला गेली होती. मी दगड काचेच्या टीपॉयवर ठेवला आणि सहज बोटाने गिरकी दिली. उजवीकडे दिली तर छान फिरला. डावीकडे दिली तर थोडा फिरला, मग थरथरायला लागला, टकटक टकटक करत डोलला, थांबला आणि आपण होऊन उलट, म्हणजे उजवीकडे फिरायला लागला! कोणी हात लावला नाही. पंखा बंद. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. डावीकडचं त्याला मान्यच नाही!

एवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे चेअरमन ईश्वरभाई. भाईंदरला त्यांचं दागिन्यांच्या डब्यांचं आणि शोकेसच्या सामानाचं दुकान आहे. पाण्याच्या टाकीविषयी बोलायला आले होते. टीपॉयकडे नजर गेली आणि टाकी विसरले.

"सुभाषभाई, फिर से करो."

केलं.

"ये किधर फिरता है? घड्याळासारखा. म्हणजे प्रदक्षिणा!" त्यांनी चपला काढल्या. मग दारात जाऊन पुन्हा काढल्या, कारण पहिल्या वेळी घरातच काढल्या होत्या. "उलटा फिरवला तरी सुलटा फिरतो! आ तो साक्षात चमत्कार छे!"

मी म्हटलं, "ईश्वरभाई, मी विज्ञानवादी माणूस आहे. ही उल्का आहे."

"तर मग आकाशातून कोणी पाठवली?"

क्लेम्स विभागात असतो तर या प्रश्नावर मी आणखी कागदपत्रं मागवली असती. पण खरं सांगतो, डायरीशी खोटं काय बोलायचं, फार बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी माझ्या घरी येऊन 'फिर से करो' म्हणालं.

१८ नोव्हेंबर

दाढी केली. सकाळी दहाला लोक यायचे होते.

हॉल भरला. मी टीपॉयपाशी बसून समजावत होतो, कठीणपणा, घनता, कस. लोक डोळे मिटून हात जोडत होते, त्यामुळे कितपत पोचलं कल्पना नाही. एवढ्यात मृणालिनी भाजीची पिशवी घेऊन आली. सगळ्यांनी तिला वाट करून दिली. तिने दगडाकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. माझ्या गालाकडे पाहिलं. तोंड मिटलं आणि आत गेली.

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला, मग दबलेले हुंदके. बाईमाणूस, भारावून गेली असेल. मी आत गेलो तर ओट्याला धरून उभी, डोळ्यांत पाणी.

"काय गं?"

"काही नाही. तुम्ही जा बाहेर, लोक थांबलेत." आणि मग, "शर्टाचं वरचं बटण लावा."

१९ नोव्हेंबर

मोरव्याची सुगंधा मासे घेऊन आली. आमच्याकडे नेहमीची. दोघींच्या गप्पा बाथरूमच्या दारात बादलीवर बसून चालतात, मासे साफ करता करता. तिला दगड दाखवला. टोपली खाली ठेवून तिने निरखून पाहिलं.

"वयनी! आगो ही तं तुझी..."

मृणालिनीने तिचा दंड धरून आत नेलं. "चल, चहा घे आधी." आतून कुजबुज ऐकू आली. मग सुगंधा बाहेर आली ती तोंडाला पदर लावून, खांदे गदगदा हलत होते. दगडाला हात जोडले आणि म्हणाली, "भाऊ, असा देव मी कुठं बगितला न्हाय."

खेड्यातल्या माणसांची श्रद्धा किती निर्मळ असते! कोळंबी जरा जास्त घालून गेली.

२३ नोव्हेंबर

तळमजल्यावर नीरज फिजिक्सचे क्लास घेतो. हुशार पोरगा, पण हल्लीच्या हुशार लोकांसारखा दुसऱ्याच्या आनंदावर तुटून पडणारा. त्याने दगड दहा वेळा फिरवला आणि हसला.

"काका, मस्त पीस आहे! पण हे आकारामुळे होतंय. दगडाचं पोट आणि दगडाची लांबी एका रेषेत नाहीत. पोट किंचित तिरकं घासलं गेलंय. उलटा फिरवला की ते तिरकेपण त्याला डोलायला लावतं, फिरण्याची ताकद डोलण्यात जाते आणि डोलता डोलता तो स्वतःला दुसऱ्या बाजूला ढकलतो."

"म्हणजे कोणताही दगड असा फिरेल?"

"दगड कशाला? चमचा पण फिरेल." त्याने आईस्क्रीमचा प्लॅस्टिकचा चमचा मागितला, मेणबत्तीवर दांडा गरम करून वाटीवर तिरका वाकवला आणि टीपॉयवर गिरकी दिली. चमचा थरथरला, थांबला आणि उलट फिरला.

ईश्वरभाई तिथेच होते. त्यांनी चमच्यालाही नमस्कार केला.

"पण एक कळत नाही," नीरज म्हणाला. "नदीत घासला असता तर सगळीकडून सारखा घासला असता. हा रोज एकाच हाताने, एकाच कोनात, वर्षानुवर्षं घासल्यासारखा वाटतो."

"वातावरणातून येताना घासला," मी म्हटलं.

मृणालिनी सरबत घेऊन आली होती. म्हणाली, "वातावरण उजव्या हाताचं असेल." आणि निघून गेली. तिला विज्ञानात रस निर्माण होतोय ही समाधानाची बाब.

२६ नोव्हेंबर

दाढी. काशीमीऱ्याला गेलो. नीरजच्या तिरकेपणाचा एकदाचा निकाल लावावा म्हणून गाड्यांच्या चाकांचं बॅलन्सिंग करणाऱ्या गॅरेजात दगड नेला. फिरणाऱ्या वस्तूंचा अनुभव त्यांच्याइतका कुणाला असणार? बाहेर ट्रकांची रांग, आत माझ्यापुढे एक टेम्पोवाला. माझा नंबर आला.

मालक जितेश म्हणाला, "बोला काका, गाडी कुठेय?"

मी डबा उघडला. त्याने मखमलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"काका, मशीनमध्ये बसायला मधे भोक लागतं."

"याला भोक पाडता येणार नाही. हा आकाशातला आहे."

"मग आकाशवाल्यांना विचारा ना." पण पोरगा चांगला. लादी पुसून त्यावर दगड फिरवला. टकटक टकटक. गॅरेजातली सगळी मंडळी जमली, टेम्पोवालाही परत आला. जितेश उकिडवा बसून म्हणाला, "अलाइनमेंट आऊट आहे काका. एका साइडने घासलाय. रोज एकाच बाजूला खेचली गाडी, की टायर पण असाच खातो."

"उपाय?"

"पुढचा मागे, मागचा पुढे लावा."

एकच दगड आहे म्हटल्यावर त्याने स्टेपनी आहे का विचारलं. मी निघालो. हसण्याचा आवाज पुलापर्यंत येत होता. शोध लावणाऱ्यांना सुरुवातीला लोक हसतातच.

१ डिसेंबर

दगडाचा मुक्काम खाली लॉबीत हलला. ईश्वरभाईंनी दुकानातून काचेची पेटी आणली. किल्ली माझ्याकडे. मी अधिकृत देखभाल अधिकारी. सकाळी नऊ ते अकरा 'दर्शन व शास्त्रीय माहिती', अशी पाटी. शांतीनगरहूनसुद्धा लोक आले.

आज अभिषेक ठरला. हे कळताच मृणालिनीचा चेहरा पांढरा पडला. "अभिषेक? म्हणजे तीर्थ? पिणार लोक?" दगड पेटीतून काढून घेऊन धावत वर गेली. उकळतं पाणी, खायचा सोडा, मीठ, नवीन ब्रश. अर्धा तास घासत होती. एवढी भक्ती मी तिच्यात कधी पाहिली नव्हती. शिवाय अंतराळातल्या धुळीची माझी बाटली तिने मोरीत ओतली. यावर मी नंतर बोलणार आहे.

तीर्थ सगळ्यांनी घेतलं. ईश्वरभाईंनी दोनदा घेतलं. माझ्या हातावर पडणार तोच मृणालिनीने हात मागे ओढला. "यांना शुगर आहे."

"तीर्थात साखर नाय, भाभी."

"असू दे. यांना नको."

तिनेही घेतलं नाही. उपास असेल.

९ डिसेंबर

थंडी पडली आहे, म्हणजे मीरा रोडला पडते तेवढी. मृणालिनी लंगडतेय. टाचांना भेगा पडल्यात, डाव्या टाचेतून रक्त आलं. मलम आणतो म्हटलं तर नको म्हणाली. मी तिला समजावलं की कठीण पृष्ठभाग कोरडा झाला की आकसतो आणि तडे जातात, खडकांतही असंच होतं. तिने उशी फेकून मारली. माणसाने माहिती द्यावी की नाही?

"ती गुलाबी वजरी वापर ना."

"ती साबणासारखी झिजते. माझी होती ती आईची होती. महाडला विहिरीवर कपडे धुवायच्या दगडापाशी असायची. आई आधी स्वतःच्या टाचा घासायची, मग माझ्या. लग्न होऊन निघाले तेव्हा तिने पदराखालून हातात दिली. म्हणाली, सासरी पायांकडे कोण बघतं, तूच बघ."

हे मला आजवर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मिळेल कुठेतरी."

ती माझ्याकडे बघून हसली. "मिळेल." आणि म्हणाली, "उद्या कोण येणारेत तुमच्याकडे? निळा शर्ट इस्त्री करून ठेवते."

१५ डिसेंबर

मोठी बातमी. दगडाची कायमची स्थापना २२ तारखेला. ईश्वरभाई दुकानातून फिरतं ताट आणताहेत, शोकेसमध्ये हार ठेवून फिरवतात तसलं, खालून लाइट असलेलं. त्यावर दगड पक्क्या गोंदाने चिकटवायचा. "एक बार चिपक गया तो सात जन्म निकलेगा नाय. चोवीस तास प्रदक्षिणा!"

मी हरकत घेतली. चिकटवल्यावर तो स्वतः कुठे फिरणार, ताट फिरणार. मग विज्ञान कुठे राहिलं?

"सुभाषभाई, देवाला किती दिवस स्वतः फिरायला लावायचं?"

घरी येऊन मृणालिनीला सांगितलं. ती चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"चिकटवणार? कायमचा?"

"सात जन्म."

तिने चपाती तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटली नाही. मग म्हणाली, "तुम्हाला हवंय तसं?"

मी म्हटलं, "माझं नाव पण लागणार आहे पाटीवर. संशोधक म्हणून."

"मग बरंय," ती म्हणाली.

१९ डिसेंबर

वजरी.

२० डिसेंबर

काल एकाच शब्दावर थांबलो. आज बसून लिहितो.

काल सकाळी दाढी करताना काढलेला चष्मा बाथरूममध्ये राहिला म्हणून आणायला गेलो. मृणालिनी स्टुलावर बसून गुलाबी प्लॅस्टिकने डावी टाच घासत होती. दार अर्धवट उघडं. मी चष्मा लावला. तिचा उजवा हात तिरका, कोपऱ्यातून वर यायचा आणि शेवटी मनगटाला एक झटका. पुन्हा तिरका, पुन्हा झटका. दर वेळी तसाच. रोज एकाच हाताने, एकाच कोनात, असं नीरज म्हणाला होता. रोज एकाच बाजूला खेचली की असाच खातो, असं जितेश म्हणाला होता. आणि खिडकीत चंदनाचा साबण.

मी चष्मा घेऊन बाहेर आलो आणि सोफ्यावर बसलो.

म्हणजे मी कुलपात ठेवली ती बायकोची वजरी. ज्यावर व्याख्यानं दिली ती बायकोची वजरी. अर्ध्या मीरा रोडने जिचं तीर्थ घेतलं, ईश्वरभाईंनी दोनदा... देवा! बाटलीत भरलेली ती अंतराळातली धूळ कसली होती हे आता लिहवत नाही.

तीस-पस्तीस वर्षं ती वजरी माझ्यापासून दोन हातांवर होती आणि मी ती पाहिली नाही. आकाशातून पडली असं वाटलं तेव्हा पाहिली.

फार लाज वाटली. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि त्याहून वाईट वाटलं. तिला माहीत आहे. सरबत, सोडा, सुगंधाचे खांदे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिला पहिल्यापासून माहीत आहे. आईची वस्तू गोंदाने चिकटवतील हे कळल्यावरही ती 'मग बरंय' म्हणाली. टाचेतून रक्त येत होतं आणि माझा निळा शर्ट इस्त्री करत होती.

दावा पूर्ण फेटाळण्यात येत आहे. अर्जदार गाढव आहे.

२१ डिसेंबर

दुपारी जेवणानंतर लॉबीत कोणी नसतं, वॉचमन खुर्चीत असतो पण असून नसल्यासारखा. पेटी उघडली, वजरी खिशात टाकली, पेटीला पुन्हा कुलूप लावलं. सवयीने लावलं. क्लेम्सचा माणूस कपाट उघडं टाकत नाही. लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, हात जोडले. बहुधा मला, पण हात खिशाच्या दिशेने होते.

वर येऊन वजरी बाथरूमच्या खिडकीत ठेवली, साबणाच्या शेजारी. मृणालिनी झोपली होती.

चारला खाली गलका. ईश्वरभाई फिरतं ताट घेऊन आले होते. पेटी रिकामी आणि कुलूप शाबूत!

"अंतर्धान!" ईश्वरभाई ओरडले. "कुलूप बंद, देव गायब!" बायकांनी ओवाळायला सुरुवात केली. मला पुढे ढकललं. माझी किल्ली माझ्या गळ्यात, कोणालाही शंका नाही. तीस वर्षं मी ज्यांना ज्यांना कागदपत्रं मागितली ते सगळे त्या क्षणी मला आठवले. या लोकांना एकही कागद नको होता.

मी ईश्वरभाईंना बाजूला घेतलं, जिन्याखाली. खरं सांगितलं. "ती वजरी होती, ईश्वरभाई. माझ्या बायकोची. टाचा घासायची. मीच वर नेली."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरले होते. "समजतो, सुभाषभाई. देव गेला की माणूस असंच बोलतो."

"अहो, खरंच! बाथरूममध्ये आहे. चला दाखवतो."

"आता आमच्या घरी पण बाथरूममध्ये दिसेल. सगळीकडेच आहे तो." आणि ते नाक पुसत गेले.

२२ डिसेंबर

ठरल्या वेळी स्थापना झाली. रिकामं ताट. लाइट लावला, निळा-हिरवा-लाल, ताट फिरायला लागलं आणि लोकांनी रांगेने नमस्कार केला. नीरजही आला होता. म्हणाला, "काका, आता तर फिजिक्सचा प्रश्नच मिटला. वस्तूच नाही." ताट मात्र ईश्वरभाईंनी वायर उलटी जोडल्यामुळे डावीकडे, म्हणजे उलटं फिरतंय. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही.

पाटीवरचं माझं नाव त्यांनी काढलं नाही. खोडायला सांगितलं तर म्हणाले, नम्रता.

२३ डिसेंबर

सकाळी मृणालिनी बाथरूममधून बाहेर आली. चंदनाचा वास आला. न लंगडता आली. पलंगावर बसून टाचा पुढे केल्या. भेगा अजून आहेत, पण कड निघालेली, गुलाबी.

"सापडली का गं?" मी पेपरात तोंड घालून विचारलं.

"हो. आकाशातून पडली, बरोबर खिडकीत."

मी पेपर खाली ठेवला. ती हसत होती, महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम. मीही हसलो. मग दोघंही इतके हसलो की खालच्या मजल्यावरून फोन आला. ईश्वरभाईंनी दोनदा तीर्थ घेतलं त्यावर पुन्हा हसलो. काशीमीऱ्याच्या स्टेपनीची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, ती सांगितली. ती हसता हसता पलंगावरून खाली घसरली.

मग मी विचारलं, "तू पहिल्याच दिवशी ओळखलीस ना? भाजी घेऊन आलीस तेव्हा?"

"दारातूनच."

"मग बोलली का नाहीस?"

ती टाचेला खोबरेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दाढी केली होतीत."

बाल्कनीत जाऊन काचेवरच्या ओरखड्याकडे बघत उभा राहिलो. चांगलाच खोल आहे. कठीण दगड होता.

२४ डिसेंबर

आज कोणी येणार नाही. मलाही कुठे जायचं नाही. मृणालिनीने विचारलं भाजी काय करू, मी म्हटलं वांगी.

दाढी केली.